सोनं ‘गहाण टाकलं’, ‘तारण ठेवलं’ की ‘विकलं’?

कोरांटी

१९९१च्या आर्थिक पेचावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि एका परिच्छेदावर आठवडा अडून बसलेय. मजकुराचा आशय असा: मे महिन्यात, चंद्रशेखर सरकार असताना, सरकारजमा झालेलं सुमारे २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत एका स्विस बँकेकडे देऊन डॉलर मिळवले गेले. जुलैत, नरसिंह राव सरकार आल्यावर, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज घेण्यासाठी परदेशी गेलं. मूळ लेखात या दोन घटनांना दोन वेगळी क्रियापदं आहेत. मी दोन्हीकडे ‘गहाण टाकलं’ लिहिलं. संपादकांनी दोन्हीकडे ‘तारण ठेवलं’ केलं आणि समासात टीप टाकली, ‘गहाण टाकलं हा सभेतला शब्द आहे, पुस्तकातला नाही.’ रात्री वडिलांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, “तारण कसलं? विकलं होतं! मी स्वतः पेपरात वाचलंय.”

माझा प्रश्न एवढाच आहे. कुठल्याही पक्षाची बाजू न घेणारा शब्द यातला कोणता?

ओवीकर

‘गहाण’वर माझा आक्षेप नाही, ‘टाकलं’वर आहे. गहाण ठेवणे आणि गहाण टाकणे यात फरक आहे, तो घरात ऐकून माहीत झालेला.

१९७२च्या दुष्काळात आईच्या पाटल्या गेल्या होत्या. ती त्याबद्दल बोलताना नेहमी ‘ठेवल्यात’ म्हणायची. सावकाराची चिठ्ठी देव्हाऱ्याच्या मागे, हळदीच्या पुडीत गुंडाळलेली असायची. कागद पिवळा पडला होता, तो जुना झाला म्हणून की हळदीनं, ते मला आजही सांगता येणार नाही. तोच विषय काकूच्या तोंडी आला की ‘टाकल्या’ व्हायचा. “त्यांनी पाटल्या टाकल्या.” पाटल्या त्याच, चिठ्ठी तीच. आपण ठेवतो आणि दुसरा टाकतो.

त्यामुळे ‘टाकलं’ लिहिलंत की लिहिणारा त्या सरकारच्या विरोधात आहे हे वाचकाला कळतंच. संपादकांचं बरोबर आहे, पण त्यावर उपाय ‘तारण’ नव्हे. ‘गहाण ठेवलं’ लिहा.

शिवार

‘ठेवलं’ लिहून काय होणार? कोणी ठेवलं ते आधी लिहा. आमच्याकडे अजून लोक बिनदिक्कत म्हणतात की चंद्रशेखरांनी देशाचं सोनं गहाण टाकलं. रिझर्व्ह बँकेचं सोनं कमालीच्या गुप्ततेत विमानानं गेलं ते जुलैत. तेव्हा पंतप्रधान राव होते आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग. तारखा बघा: शपथविधी २१ जून, सोनं जुलैत. तरी बोल मात्र सात महिन्यांच्या सरकारला.

तिसरा_प्रहर

शिवार, तारखा बघायच्या तर सगळ्या बघू. कुवेतवर इराकनं हल्ला केला ऑगस्ट १९९० मध्ये, तेल महागलं तिथून. तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंह होते. नोव्हेंबरात चंद्रशेखर आले ते काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. तो पाठिंबा डळमळला आणि ६ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. पूर्ण अर्थसंकल्प मांडताच आला नाही, अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी लेखानुदानावर वेळ निभावली. मग निवडणूक, त्यात २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या, मतदानाचे उरलेले टप्पे पुढे गेले. जुलैत जे घडलं त्याची तयारी या सगळ्या काळात चालूच होती. जून संपताना नवा अर्थमंत्री खुर्चीत बसतो आणि महिन्याभरात ४७ टन सोनं हलतं, हे एकट्याच्या निर्णयानं होत नाही.

गंमत म्हणून नाही, खरंच विचारतो: पाठिंबा काढणाऱ्यानं ‘तुम्ही सोनं घालवलंत’ म्हणावं का?

जुनं_दप्तर

राजकारण बाजूला ठेवून शब्दाकडे येतो. माझी नोकरी दस्तनोंदणीत गेली. तीस वर्षं गहाणखतं हाताखालून गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गहाण एकच नसतं. नजरगहाणात वस्तू किंवा जमीन कर्जदाराच्याच ताब्यात राहते, सावकाराची तिच्यावर फक्त नजर. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा चढतो आणि शेतकरी आपला पेरत राहतो. ताबेगहाणात वस्तू सावकाराच्या ताब्यात जाते. आणि तिसरी असते मुदत खरेदी. तिथे कागद खरेदीखताचाच असतो, पण अमुक मुदतीत पैसे परत केले तर माल परत, अशी अट त्यातच लिहिलेली. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८मध्येही सशर्त विक्रीचं गहाण हा प्रकार वेगळा सांगितला आहे.

आता १९९१ बघा. मे महिन्यातला व्यवहार पुन्हा विकत घेण्याच्या मुभेसह केलेली विक्री होती. म्हणजे ही मुदत खरेदी. कोरांटीताई, तुमचे वडील ‘विकलं’ म्हणतात ते चूक नाही, अर्धं आहे. जुलैतला व्यवहार ताबेगहाण. सोनं आमच्या तिजोरीतच राहू द्या, कागदावर तुमचा हक्क लिहून घ्या, म्हणजे नजरगहाणावर भागवा, हे देणाऱ्यांना मान्य नव्हतं. वस्तू त्यांच्या आवाक्यात हवी होती, म्हणून विमानं लागली. लोकांच्या मनाला जे लागलं ते हेच. कर्ज तर देश नेहमीच घेत होता, त्याच वर्षी जानेवारीत नाणेनिधीकडूनही घेतलं होतं. पण सोनं उंबऱ्याबाहेर गेलं.

मुळाक्षर

दप्तरसाहेब, माहिती उत्तम, पण हे सगळे शब्द जमिनीचे. सोनं जंगम, जमीन स्थावर. ‘मुदत खरेदी’ वाचून माझ्या मुलीच्या पिढीला मुदत ठेव आठवेल. कायद्यातही जंगम वस्तूचा मामला १८७२च्या करार कायद्यात येतो, कलम १७२. तिथल्या ‘प्लेज’साठी ‘तारण’ हाच शब्द सरळ बसतो.

शिवाय ‘तारण’ मुळातच सुंदर. तृ धातू, तरून नेणे. देव तारी त्याला कोण मारी, त्यातलंच तारणं. सोन्यानं देश तारला म्हणून तारण.

ओवीकर

मुळाक्षर, इथे थांबवते तुम्हाला. तारण घेणाऱ्याला तारतं, देणाऱ्याला नव्हे! कर्ज बुडालं तर सावकार तरावा म्हणून असतं ते. पाटल्यांनी आमचं घर तारलं असेल, पण ज्या क्षणी त्या ‘तारण’ झाल्या त्या क्षणी त्या सावकाराच्या बाजूच्या झाल्या. ‘सोन्यानं देश तारला’ हे वाक्य छान आहे, पण त्यात एका सरकारचं कौतुक आयतं येऊन बसतं. म्हणजे ‘टाकलं’ एका पक्षाचं आणि ‘तारण’ दुसऱ्याचं.

गहाणाचा उगम ‘ग्रहण’, हे मी शाळेत ऐकलंय. प्राकृतात गहण, मराठीत गहाण. धरून ठेवलेलं. त्यात ना कौतुक ना निंदा.

शिवार

ग्रहण लागलं तेच ना. बरोबर शब्द आहे.

मुळाक्षर

नाही हो. सूर्याचं ग्रहण आणि हे ग्रहण धातूनं एक असले तरी ‘गहाण’ म्हटल्यावर कुणाच्या मनात राहू-केतू येत नाहीत. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवायला लागलो तर एकही शब्द धड राहणार नाही.

ओवीकर

मग तृ धातू कशाला आणला होता?

मेघवेळ

अवांतर लिहितेय, पण राहवत नाही. कोरांटी, तुमच्या अनुवादात ‘परकीय चलनाची गंगाजळी आटली’ असं वाक्य असणार, सगळ्यांच्याच लेखांत असतं. ते कृपया बदला.

गंगाजळी आटत नाही. आमच्या घरी काशीहून आणलेला तांब्याचा गडू होता, तोंड लाखेनं बंद केलेलं. ती गंगाजळी. मुलांनी हात लावायचा नाही, पूजेलाही काढायची नाही. आजोबांच्या शेवटच्या रात्री बाबांनी सुरीच्या टोकानं लाख उडवली, तो टक असा आवाज मला अजून ऐकू येतो. मग पळीनं दोन थेंब तोंडात. गंगाजळी फोडतात, आणि ती कधी फोडायची हे घरातल्या कर्त्यानं ठरवायचं असतं. म्हणूनच राखीव निधीला हा शब्द ज्या कुणी लावला त्याला मी मानते. जून १९९१ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. तळ्यातलं पाणी आटावं तसं ‘आटली’ म्हटलं की दोष उन्हाचा होतो. ‘फोडली’ म्हटलं की फोडणारा कर्ता लागतो.

तिसरा_प्रहर

हे फार पटलं, आणि भांडण नेमकं त्या कर्त्याचंच आहे. मे १९९१मध्ये घरात कर्ता कोण होता? राजीनामा दिलेलं सरकार. वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळजीवाहू’ म्हटलं. राज्यघटनेत हा शब्द नाही, संकेत एवढाच की अशा सरकारनं मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत. सोनं देशाबाहेर काढणं हा मोठा निर्णय नाही तर कोणता? दुसरीकडे, परदेशी कर्जाचा हप्ता चुकला असता तर देश दिवाळखोर ठरला असता. गप्प बसणं हाही मोठा निर्णयच होता. मी तेव्हा त्या सरकारच्या विरोधात मत दिलं होतं. तरी आज मला वाटतं, ‘काळजीवाहू’ हा शब्द त्या तीन महिन्यांइतका शब्दशः कधीच खरा नव्हता. काळजी वाहिली त्यांनी.

शिवार

काळजी वाहिली आणि बोल घेतले. हेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून.

मुळाक्षर

‘काळजीवाहू’ हा तर मला अनुवादाचा सर्वांत वाईट नमुना वाटतो. आपल्याकडे ‘हंगामी’ होता ना? गुलझारीलाल नंदांना १९६४ आणि १९६६ मध्ये सगळे हंगामी पंतप्रधानच म्हणत.

जुनं_दप्तर

दोन्ही वेगळे आहेत. नंदा नवा नेता निवडला जाईपर्यंत नेमलेले होते, म्हणून हंगामी. चंद्रशेखर स्वतः पायउतार होऊन दुसरा येईपर्यंत बसलेले, म्हणून काळजीवाहू. आणि १९६६ काढलंतच तर त्याच वर्षी ६ जूनला इंदिरा गांधींच्या सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं, ४.७६चा डॉलर साडेसात रुपयांना झाला, तेव्हा विरोध नुसता विरोधी बाकांवरून नव्हता. खुद्द काँग्रेसचे अध्यक्ष कामराज नाराज होते. ‘अवमूल्यन’ हा शब्द त्या वर्षी घराघरांत गेला आणि बदनाम झाला. १ आणि ३ जुलै १९९१ला दोन टप्प्यांत तेच पुन्हा केलं, तेव्हा सरकारी भाषेत विनिमयदराचं ‘समायोजन’ आलं. जुना शब्द भाजला होता, नव्यावर फुंकर घातली. शब्द बदलला की राग थोडा उशिरा येतो, एवढाच त्याचा उपयोग.

मेघवेळ

आणि हल्ली रुपया रोज थोडा खाली आला तरी लोक ‘अवमूल्यन’ लिहितात. अवमूल्यन सरकार करतं, बाजारात होते ती घसरण. इथेही पुन्हा कर्त्याचाच घोळ.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरकाका, तुमचा प्रतिसाद छापून टेबलावर ठेवलाय. मेघवेळ, ‘आटली’ होतं माझ्या मसुद्यात, काढलं.

आता आणखी एक अडचण. लेखात पुढे आहे की जुलैचं कर्ज त्याच वर्षी फेडलं गेलं. मी लिहिलंय ‘सोनं सोडवलं’. संपादक म्हणतात, बरोबर. मला खटकतंय, कारण सोनं परत आलंच नाही, तिकडेच ठेवलं. रिझर्व्ह बँकेच्या अहवालांत परदेशातल्या सोन्याचा आकडा पुढे वर्षानुवर्षं सुमारे ६५ टन असाच छापून येत होता. इंग्लंडहून सुमारे १०० टन सोनं भारतात आणल्याची बातमी आली ती २०२४मध्ये.

शिवार

मग नाहीच सोडवलं. घरी आलं नाही ते कसलं सोडवलेलं! ‘आम्ही सोडवलं’ म्हणणाऱ्यांनी हा शब्द वापरूच नये.

जुनं_दप्तर

मालकी मोकळी झाली की सुटलं. बोजा कमी झाल्याचा फेरफार झाला की झालं, मग सोनं कुठल्या कपाटात आहे याला महत्त्व नाही. लंडनला ठेवलेलं सोनं पुन्हा गरज पडली तर लगेच वापरता येतं, म्हणून ठेवलं असणार.

ओवीकर

काका, कागदाच्या लेखी त्याला महत्त्व नसेल. १९७५च्या पाडव्याला वडिलांनी पैसे भरले आणि चिठ्ठी फाडून आणली. पण पाटल्या सावकाराच्या गड्याबरोबर दोन दिवसांनी आल्या. ते दोन दिवस आईनं ‘सोडवल्या’ म्हटलं नाही. “पैसे भरलेत,” एवढंच म्हणायची. हातात चढल्या तेव्हा म्हणाली, सुटल्या.

मुळाक्षर

म्हणजे एका गृहिणीच्या बोलण्यावरून रिझर्व्ह बँकेच्या व्यवहाराची परिभाषा ठरवायची?

ओवीकर

हो. परिभाषा तिथूनच तर आली. गहाण, तारण, सोडवणे, गंगाजळी, यातला एक तरी शब्द बँकेत जन्मलेला दाखवा.

कोरांटी

वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मी विकलं म्हणालो नव्हतो. मोडलं म्हणालो होतो. घरातलं सोनं कुणी विकत नाही, मोडतात.” मला तर ‘विकलं’च ऐकल्याचं आठवतंय. पण आता ते ‘मोडलं’वर ठाम आहेत.

जुनं_दप्तर

मोडणं म्हणजे वितळवायला देणं, ते परत येत नाही. मे महिन्याच्या व्यवहारात परत घेण्याची मुभा होती. ‘मोडलं’ चालणार नाही.

मेघवेळ

पण ते सोनं जप्तीचंच होतं ना, तस्करांकडून पकडलेलं? घरातलं नव्हेच मुळी. मग ‘मोडलं’ कसं आणि ‘गहाण’ तरी कसं? दुसऱ्याकडून हिसकावलेल्या सोन्यासाठी मराठीत वेगळं क्रियापद आहे का?

शिवार

ते सरकारजमा झालं तेव्हा देशाचंच झालं. घरातलंच ते.