‘तुझे वतन मीच’ : लेवींच्या संदर्भात ‘वतन’ या शब्दाचा अर्थ काय?

प्रश्न

जुन्या करारात गणना १८:२० मध्ये परमेश्वर अहरोनाला, म्हणजे मोशेच्या भावाला आणि लेवी वंशातल्या पहिल्या मुख्य याजकाला, सांगतो की इस्राएलांच्या देशात तुला वतन मिळणार नाही, तुझा वाटा आणि तुझं वतन मीच आहे. आपल्याकडे वतन म्हटलं की पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी आठवते. देव कुणाचं वतन कसा असेल? इथे ‘वारसा’ एवढाच अर्थ घ्यायचा का? आणि जमीनच नाही तर ही माणसं खात काय होती?

प्रतिसाद

‘वारसा’ चुकीचं नाही, पण फार पातळ होतं. मूळ हिब्रूत तिथे दोन शब्द जोडीने येतात, हेलेक आणि नहला. हेलेक म्हणजे वाटणीत आलेला वाटा, मग तो जमिनीचा असो की लुटीचा. नहला म्हणजे वाडवडिलांकडून आलेली आणि कुळाबाहेर जाऊ नये अशी जमीन. या शब्दाचं वजन बघायचं तर १ राजे २१ वाचा. अहाब राजा नाबोथाकडे त्याचा द्राक्षमळा मागतो, बदल्यात त्याहून चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार होतो. नाबोथ म्हणतो, माझ्या वाडवडिलांची नहला मी देणार नाही. त्यापायी त्याचा जीव जातो. माणूस ज्याच्यासाठी मरायला तयार होतो, तो हा शब्द. परमेश्वर अहरोनाला तीच गोष्ट नाकारतो आणि तिच्या जागी स्वतःला ठेवतो.

आता आपलं ‘वतन’. अरबीत वतन म्हणजे मायदेश. दख्खनेत, सुलतानांच्या काळापासून, त्याला वेगळाच अर्थ चिकटला : पिढीजात कामगिरी, आणि तिच्यासोबत येणारे हक्क, मानपान, बहुतेकदा इनाम जमीन. म्हणजे मराठी वतनात चाकरी गृहीत आहे. नहलेत ती नाही. यहूदा किंवा एफ्राइम या वंशांना जमीन मिळाली ती कुठल्या कामाच्या मोबदल्यात नव्हती. लेवी वंशाकडे मात्र देवस्थानाच्या सेवेचं पिढीजात काम होतं आणि त्या कामापोटी ठरलेले हक्क होते. थोडक्यात, मराठी कानाला ‘वतनदार’ वाटावेत असे त्या देशात लेवीच होते, आणि त्यांनाच ‘तुम्हाला वतन नाही’ असं सांगितलं जातं. मराठी वाचकाचा गोंधळ होतो तो इथे.

खाण्याचं म्हणाल तर यादी बरीच तपशीलवार आहे. लेवींना धान्याचा दशमांश, आणि त्या दशमांशाचा दहावा हिस्सा लेवींनी याजकांना, म्हणजे त्यांच्यातल्याच अहरोनाच्या वंशजांना, द्यायचा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या १८:३ प्रमाणे लोक बळी देतील त्या बैलाचा किंवा मेंढराचा पुढचा फरा, दोन्ही गालफडं आणि पोट याजकाचं. शिवाय धान्य, द्राक्षारस आणि तेलाचं पहिलं उत्पन्न, मेंढरांची पहिली लोकर. दर शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, देवासमोर १२ भाकरी मांडायच्या, जुन्या निघाल्या की त्या अहरोनाच्या वंशजांनी पवित्र जागीच खायच्या (लेवीय २४). राहायला ४८ गावं आणि भोवतालची गायरानं सांगितली आहेत (यहोशवा २१), पण नांगरायची शेती त्यात नाही.

प्रश्न

मग हे आपल्या बलुत्यासारखंच झालं की. गुरव देवळाचं बघतो, सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. त्याला ‘देवावर भरवसा’ कशाला म्हणायचं? भरवसा तर शेतकऱ्यावरच!

प्रतिसाद

बलुत्याची आठवण योग्य आहे. गणना १८:२७ मध्ये खळ्याचाच उल्लेख आहे : लेवींनी दशमांशातून जे अर्पण द्यायचं ते खळ्यातल्या धान्यासारखं, द्राक्षकुंडातल्या रसासारखं धरलं जाईल. म्हणजे ज्याला शेत नाही त्याचं खळं म्हणजे हा दशमांश. पुढे याला चक्क मजुरीही म्हटलंय, निवासमंडपातल्या, म्हणजे तंबूतल्या देवस्थानातल्या, सेवेची मजुरी (१८:३१).

फरक हिशेबात आहे. बलुतं गाव बलुतेदाराला देतं. इथे २४ व्या वचनाप्रमाणे लोक दशमांश परमेश्वराला अर्पण करतात आणि परमेश्वर तो लेवींना देतो. शेतकरी आणि लेवी यांच्यात थेट देणंघेणंच नाही. म्हणून लेवी शेतकऱ्याचा मिंधा होत नाही, आणि शेतकऱ्यालाही ‘मी याला पोसतो’ असं म्हणता येत नाही. मला या अध्यायातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. त्याच अध्यायात ७ व्या वचनात याजकपणालाही देणगी म्हटलंय. काम देवाने दिलेलं आणि कामाची मजुरीही देवाच्याच हातून.

पण व्यवहारात तुमची शंका खरी ठरली, आणि बायबल ते लपवत नाही. नहेम्या १३ बघा. यहूदाचा सुभेदार नहेम्या यरुशलेमेत परत येतो तर मंदिराच्या आवारातली मोठी खोली, जिथे पूर्वी दशमांशाचं धान्य, द्राक्षारस आणि तेल साठवायचे, ती तोबीया नावाच्या बड्या माणसाला देऊन टाकलेली. लेवींना वाटे मिळाले नव्हते, म्हणून गायकांसकट सगळे आपापल्या शेतांकडे पळाले होते. नहेम्या तोबीयाचं सामान बाहेर फेकतो, खोल्या शुद्ध करून घेतो आणि कोठारांवर विश्वासू माणसं नेमतो. अनुवादात लेवीचं नाव परका, अनाथ आणि विधवा यांच्या रांगेत येतं (१४:२९), त्यावरूनही हातातोंडाची गाठ कळते.

उलटंही घडलं. शिलोच्या देवस्थानात एली याजकाचे मुलगे लोकांचं मांस शिजायच्या आधीच, कच्चं, दांडगाईने मागायचे. एरवी रीत अशी की याजकाच्या नोकराने उकळत्या भांड्यात तीन दातांचा काटा घालायचा, जे वर येईल ते याजकाचं. निवडायचं नाही. मुलांनी तेच मोडलं. आणि इ.स. ७० मध्ये मंदिर पडायच्या आधीच्या काळाबद्दल यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की मुख्य याजकांचे नोकर खळ्यांवर जाऊन दशमांश हिसकावून नेत आणि गरीब याजक उपाशी मरत.

प्रतिसाद

मी इथला दुसरा वाचक, एक सांगायचं होतं. ‘वतन’ सगळ्यांना मानाचं वाटत नाही. महार वतनात राबणं अमर्याद आणि मोबदला तुटपुंजा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं होतं. आमच्या घरात ‘देव तुझं वतन’ हे वाक्य सुखाचं वाटणार नाही.

प्रतिसाद

हे लक्षात घ्यायलाच हवं, आणि तळटीप द्यायला हे एकच कारण पुरेसं आहे. माझ्या मते गणना १८:२० साठी ‘वडिलोपार्जित जमीन’ असा अर्थ तळटीपेत द्यावा आणि वाक्यात ‘वतन’ राहू द्यावं. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेत, स्तोत्रांत तो शब्द इतका मुरलाय की काढला तर वाचक अडखळेल.

प्रश्न

शास्ते १७ मध्ये मीखा एका लेव्याला याजक नेमतो, तिथे मूळात ‘हात भरला’ असं आहे म्हणतात. ते काय?

प्रतिसाद

हो, ‘मिल्ले याद’, शब्दशः हात भरणे, म्हणजे याजकपदाची दीक्षा देणे. लेवीय ८:२७ मध्ये मोशे अहरोन आणि त्याच्या मुलांच्या तळहातांवर अर्पणाचे भाग खरोखर ठेवतो. त्या विधीच्या मेंढ्याचं नावही याच धातूवरून आहे. मीखाच्या गोष्टीत मात्र तो बेथलेहेमचा तरुण लेवी जागा शोधत भटकत आलेला, आणि त्याला वर्षाला रुप्याचे दहा तुकडे, एक पोशाख आणि जेवण ठरतं. पुढच्याच अध्यायात दान वंशाचे लोक त्याला विचारतात, एका घराचा याजक असणं बरं की एका वंशाचा? तो आनंदाने त्यांच्याबरोबर जातो. मराठीत इथे ‘याजक म्हणून नेमलं’ एवढंच लिहावं. ‘हात भरला’ म्हटलं तर आपल्याकडे बांगड्याच आठवतील.