कॉमन हीथ कुंडीत जगते का? (मेलबर्न)

परसदार:
मंडळी, जुलैमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत गेलो होतो, एवढ्या थंडीत वाटेच्या कडेला गुलाबी नळीसारख्या फुलांनी लगडलेल्या काड्या, पानं एकदम बारीक आणि टोचणारी. नंतर कळलं की ही कॉमन हीथ, म्हणजे एपॅक्रिस इम्प्रेसा. घरी लावायचीये पण आमच्याकडची माती चिकट, पावसात पाणी तुंबतं, म्हणून कुंडीचा विचार आहे. शेणखत किती घालू?

वांगीभरीत:
शेणखत अजिबात नको!! इथल्या हीथलँडच्या (खुरट्या झुडपांच्या माळरानाच्या) वाळूत फॉस्फरस नावालाच असतो, झाड त्यावरच वाढलेलं, भरपूर खत मिळालं की उलट आजारी पडतं. मुळं केसासारखी बारीक आणि वरच्या थरातच असतात, त्यांच्यात एक बुरशी राहते ती अन्न मिळवून देते. नेटिव्ह (इथल्या मूळच्या) झाडांचं पॉटिंग मिक्स, म्हणजे कुंडीसाठीची तयार माती घे, निचरा चांगला हवा, पण म्हणून पाणी तोडू नकोस, एकदा कुंडी खडखडीत वाळली की परत पाणी घालून उपयोग नसतो. वर बारीक खडी पसर, मुळं गार राहतात.

कात्रीवाली:
आणि फुलं संपली की लगेच छाटायची हं, हात आखडता घेऊ नका, नाहीतर नुसत्या उंच किडकिड्या काड्या उरतात. पांढरी पण मिळते, पण 1958 ला आपल्या व्हिक्टोरिया राज्याने राज्यफूल केलं ते गुलाबीलाच, तेव्हा बाकी कुठल्याच राज्याने अधिकृत फूल ठरवलं नव्हतं. फूल हातात घेऊन बघा, नळीच्या बुडाशी पाच खळ्या असतात, मला तर त्याच जास्त आवडतात. लांब चोचीचा स्पाइनबिल पक्षी पण येतो मधासाठी.

सिडनीकर:
आमच्याकडची एपॅक्रिस लाँगिफ्लोरा लावा की, लाल नळी, टोकाला पांढरी, सँडस्टोनच्या कपारीत उगवते त्यामुळे कुंडीत तक्रार नाही आणि फुलं जवळजवळ वर्षभर. मेलबर्नवाल्यांना पटणार नाही म्हणा :)

वांगीभरीत:
@सिडनीकर आलात का, वाटच बघत होतो 😀
@परसदार रोप नर्सरीतूनच आण, नॅशनल पार्कातून फांदी तोडणं बेकायदेशीर आहे. आणि ट्रेकला जाताना-येताना बूट घासून घेत जा, फायटोफ्थोरा हा मातीतला रोगजंतू चिखलातून पसरतो, मुळं कुजवतो आणि या झुडपांना तो फार लवकर लागतो.

परसदार:
शेणखताची पिशवी आणून ठेवलीये ती आता मिरच्यांना. बाल्कनी पश्चिमेला आहे, चालेल?

कात्रीवाली:
उन्हाळ्यात दुपारचं ऊन नको, 40 डिग्रीच्या दिवशी कुंडी आत ओढा. बाकी अर्धवट सावलीत मस्त राहते.