डिपेश मोडपासून मागे मागे गेलो तर थेट पंकपर्यंत पोचलो, हे कसं काय?

दुसरी_बाजू:
मंडळी एक शंका आहे. मी डिपेश मोड हा इंग्लिश इलेक्ट्रॉनिक बँड ऐकत ऐकत मागे चाललोय, म्हणजे 'व्हायोलेटर'वरून सुरुवात केली, मग त्यांचे जुने अल्बम, मग ह्यूमन लीग, गॅरी न्यूमन, ओएमडी असं करत करत. आता गंमत अशी की जाईन तिथे पंकचा उल्लेख येतोच. पण पंक म्हणजे गिटार, आरडाओरडा, घाम, आणि हे लोक इस्त्रीचे कपडे घालून कीबोर्डमागे पुतळ्यासारखे उभे! माझा एक मित्र आहे, कट्टर गिटारवाला, तो म्हणतो सिंथ-पॉप (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) म्हणजे पंकशी केलेली गद्दारी, क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची नक्कल करून चार्टमध्ये घुसले, बाकी काही नाही. मग जॉय डिव्हिजन पोस्ट-पंक (पंकच्या लगेच नंतरचं) आणि न्यू ऑर्डर सिंथ-पॉप असं कसं, माणसं तर बरीचशी तीच ना? हे एकच घराणं आहे की दोन? आणि आज यातलं नक्की काय उरलंय, की नुसते टी-शर्टच?

जुनी_टेप:
मित्राला माझ्याकडे पाठव. गद्दारी वगैरे काही नाही, उलट पंकने जे नुसतं ओरडून सांगितलं ते सिंथवाल्यांनी करून दाखवलं असं माझं मत आहे. पंकचं म्हणणं काय होतं, वाजवता येत नसलं तरी चालेल, उठा आणि बँड काढा. पण गिटारवर तीन कॉर्ड धड वाजवायच्या तरी बोटं सोलून निघतात, सिंथला एक बोट पुरतं.

शेफिल्डचंच बघ. ह्यूमन लीगचे मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श दोघंही कॉम्प्युटर ऑपरेटर, फिल ओकी हॉस्पिटलात पोर्टर, म्हणजे संगीत शिकून आलेलं कोणीच नाही. 'बीइंग बॉइल्ड' १९७८ ला त्यांनी घरगुती टेप रेकॉर्डरवर रेकॉर्ड केलं आणि ते काढलं कोणी, तर एडिंबराच्या फास्ट प्रॉडक्ट नावाच्या छोट्या लेबलने, ज्याने पुढे गँग ऑफ फोर या गिटार बँडची पहिली रेकॉर्डही काढली. म्हणजे लेबल तेच, गिऱ्हाईक तेच, रात्री रेडिओवर ते लावणारा जॉन पील पण तोच. दोन घराणी ही नंतर दुकानवाल्यांनी रॅक लावताना केली.

आणि हे तेव्हाच का झालं याचं साधं कारण म्हणजे पैसे. सत्तरच्या सुरुवातीला सिंथ म्हणजे बड्या प्रॉग (प्रोग्रेसिव्ह रॉक) बँडांचं खेळणं, सामान्य पोराच्या आवाक्याबाहेरचं. मग कॉर्ग, रोलँडची स्वस्त जपानी मशिनं आली, १९७८ ला इंग्लंडमध्येच वास्प नावाचा काळा-पिवळा सिंथ आला, दोनशे पौंडांच्या आसपास. ओएमडीवाल्यांनी त्यांचा कॉर्ग मायक्रो-प्रीसेट आईच्या मेल-ऑर्डर कॅटलॉगमधून आठवड्याच्या हप्त्यावर घेतला. त्यांच्यातला अँडी मॅक्लस्की १६ वर्षांचा असताना, सप्टेंबर १९७५ मध्ये, लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात क्राफ्टवेर्क बघून आला होता, ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. पण पहिली सिंगल 'इलेक्ट्रिसिटी' निघाली १९७९ मध्ये फॅक्टरीवर, म्हणजे जॉय डिव्हिजनच्याच लेबलवर. आता सांग कुठली गद्दारी.

गॅरी न्यूमन तर अजून मजेशीर. तो ट्यूबवे आर्मी घेऊन स्टुडिओत गेला पंक अल्बम करायला, तिथे दुसऱ्या कोणाचा तरी मिनीमूग सिंथ पडलेला होता, याने एक की दाबली आणि तो असा काही घुमला की याने गिटारसाठी लिहिलेली गाणी तिथल्या तिथे सिंथवर वळवली. वर्षभरात 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' ब्रिटनमध्ये १ नंबरवर! पेपरवाल्यांनी त्याला इतका झोडपला ना, म्हणे थंड आहे, डेव्हिड बोवीची कॉपी आहे. बोवीचा 'लो' १९७७ च्या जानेवारीत आलेला, सगळ्यांनीच ऐकलेला, सगळेच थोडेफार कॉपी करत होते, मार मात्र एकट्या न्यूमनला.

खालचा_सूर:
टेप, पटलं पण तू गोऱ्या पोरांचीच गोष्ट सांगतोयस. पंक अधिक क्राफ्टवेर्क बरोबर सिंथ-पॉप, हे गणित सगळीकडे छापून येतं आणि त्यात निम्मा हिशोब गायब असतो. डब (रेगेचं बेस आणि प्रतिध्वनीवर उभं रूप) आणि डिस्को कुठे गेले?

पोस्ट-पंकचा बेस ऐक एकदा. पीआयएल (पब्लिक इमेज लिमिटेड) बँडचा 'मेटल बॉक्स' (१९७९, पत्र्याच्या गोल डब्यात तीन रेकॉर्डी, काढताना ओरखडे पडायचे) त्यात जाह वॉबलचा बेस म्हणजे सरळ सरळ जमैकन डब आहे. स्लिट्स बँडचा 'कट' डेनिस बोव्हेलने प्रोड्यूस केला, तो स्वतः रेगेतला माणूस. गिटार मागे, बेस पुढे, मध्ये मोकळी जागा ठेवायची, हे पंकने शिकवलेलं नाही, हे लंडनमधल्या कॅरिबियन वस्त्यांच्या साउंड सिस्टिममधून आलं.

आणि डिस्को. १९७७ चं 'आय फील लव्ह', गायिका डोना समर आणि प्रोड्यूसर जॉर्जिओ मोरोडर. तो धडधडणारा सिक्वेन्सर (स्वरांची मालिका आपोआप वाजवणारं मशिन) ज्याने ऐकला नाही असा एकही सिंथवाला दाखव. सॉफ्ट सेलचं 'टेंटेड लव्ह' मुळात ग्लोरिया जोन्सचं साठच्या दशकातलं अमेरिकन सोल गाणं, उत्तर इंग्लंडच्या नॉर्दर्न सोल क्लबांत वाजून वाजून लीड्सच्या या दोघांपर्यंत पोचलेलं. त्यांनी ब्रास काढलं, दोन ठोके मशिनवर घातले आणि १९८१ मध्ये १ नंबर.

तिरकस:
वा वा. म्हणजे ज्यांना वाजवता येत नव्हतं त्यांनी मशिन आणलं, ज्यांना सुचत नव्हतं त्यांनी दुसऱ्याचं गाणं आणलं. लंडनच्या म्युझिशियन्स युनियनच्या शाखेने १९८२ ला सिंथ आणि ड्रम मशिनवर बंदी घाला असा ठराव केला होता, उगाच नाही. स्टेजवर बटण दाबून उभं राहायचं याला वादन म्हणत नाहीत भाऊ.

जुनी_टेप:
@तिरकस डिपेश मोडची पोरं बॅसिल्डनहून सिंथ काखेत मारून ट्रेनने गिगला यायची, अँप नाही टेम्पो नाही. ओएमडीचा तर ड्रमरच टेप रेकॉर्डर होता, स्टेजवर मधोमध ठेवलेला, नाव विन्स्टन. लपवाछपवी नव्हती काही, समोर दिसत होतं की मशिन वाजतंय. उलट लपवायचं नाही हाच तर मुद्दा होता.

दुसरी_बाजू:
विन्स्टन! 😄 बरं, खालचा_सूर, तुमचं डबचं पटतंय. पण जॉय डिव्हिजनमध्ये मला डब ऐकू येत नाही, तिथे तर सगळं थिजलेलं वाटतं.

खालचा_सूर:
येईल, नीट हेडफोन लावून 'अननोन प्लेझर्स' ऐक, आणि गाण्याकडे नाही, ड्रमकडे लक्ष दे. स्टेजवर हा बँड जोरदार आणि आडदांड होता, बर्नार्ड समनर आणि पीटर हूक दोघंही जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स बघून पेटलेले. मग १९७९ ला स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत प्रोड्यूसर मार्टिन हॅनेटच्या हाती सापडले. हॅनेटला प्रत्येक ड्रमचा आवाज सुटा हवा होता, एकाचा दुसऱ्यात अजिबात मिसळायला नको, म्हणून त्याने ड्रमर स्टीफन मॉरिसला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला, आधी नुसता किक, मग नुसता स्नेअर. आता ड्रमरचे हातपाय सगळे एकत्र चालतात ना, एक थांबवला की लय सुटते, तर बिचारा बाकीचे ठोके स्वतःच्या मांड्यांवर मारत बसायचा. मग ते सुटे ठोके हॅनेट एएमएस कंपनीच्या नव्या डिजिटल डिले या प्रतिध्वनीच्या मशिनमधून काढायचा. परिणाम असा की माणूस वाजवतोय पण ऐकायला यंत्र, आणि आजूबाजूला भलीमोठी रिकामी खोली. ठोका सुटा करायचा, त्याला प्रतिध्वनी द्यायचा, बाकी सगळं काढून टाकायचं, हेच डबवाले करतात, फक्त इथे ऊन नाही. बँडला तो अल्बम तेव्हा आवडला नव्हता बरं का, समनर आणि हूकचं म्हणणं आमचा जोरच काढून घेतला.

म्हणून मे १९८० मध्ये गायक इयन कर्टिस गेला आणि उरलेल्यांनी न्यू ऑर्डर काढला तेव्हा ते अचानक यंत्रांकडे वळले असं जे म्हणतात ते मला पटत नाही. हॅनेटने मॉरिसला आधीच ड्रम मशिन करून ठेवलं होतं. पुढे खरंखुरं मशिन घेतलं एवढंच.

सिक्वेन्सर_बाई:
उशिरा आले पण न्यू ऑर्डरचा विषय निघालाय तर राहवत नाही. 'ब्लू मंडे' (मार्च १९८३) मध्ये ती मुख्य सिंथची धून ठोक्याच्या किंचित पुढेमागे चालते ना, लक्षात आलंय का कोणाच्या? बँडच्या जिलियन गिल्बर्टने अख्खं गाणं कागद चिकटवून चिकटवून केलेल्या लांबलचक पट्टीवर स्वर-स्वर लिहून काढलं होतं, त्यात एक स्वर राहिला आणि पुढचं सगळं सरकलं, मग तसंच ठेवलं. सिक्वेन्सर पण समनरने किट आणून स्वतः सोल्डर केलेला. तिरकस साहेब, हे बटण दाबून उभं राहणं नव्हे, यात रात्री जातात, मी स्वतः जुनं मशिन वापरते म्हणून सांगते, एक पायरी चुकली की पहिल्यापासून.

त्यातला कोरसचा आवाज क्राफ्टवेर्कच्या 'रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी' अल्बममधून उचललेला, ठोके ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशिनचे, प्रेरणा इटालियन डिस्को आणि डिस्को गायक सिल्व्हेस्टर. म्हणजे वर तुम्ही दोघं भांडताय ते सगळं या एका साडेसात मिनिटांत आहे.

आता वारशाचं. लोक लगेच इंटरपोल, ब्लॉक पार्टी, फ्रान्झ फर्डिनंड अशा नंतरच्या गिटार बँडांची नावं घेतात. असतील, पण तो मला केशभूषेचा वारसा जास्त वाटतो. खरी मुळं गेली ती क्लबात. डेट्रॉइटची काळी पोरं, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे वगैरे, युरोपातून आलेल्या या रेकॉर्डी ऐकत होती, त्यातून टेक्नो हे डान्स संगीत उभं राहिलं. न्यू ऑर्डर आणि फॅक्टरीच्या पैशावर १९८२ मध्ये मँचेस्टरला हॅसिएंडा क्लब उघडला, सुरुवातीला रिकामा असायचा, आणि दशक संपता संपता तिथे अमेरिकन हाउस संगीतावर गर्दी उसळत होती. म्हणजे इकडून गेलेलं तिकडून परत आलं.

तिरकस:
बरं बाई, सोल्डरिंगपुढे शरण. पण गिटारवाल्यांना काहीच मिळालं नाही म्हणू नका. गँग ऑफ फोरच्या अँडी गिलनेच १९८४ मध्ये रेड हॉट चिली पेपर्सचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला. तो तुटक, खरवडल्यासारखा फंक लीड्सहून कॅलिफोर्नियाला गेलाय.

सिक्वेन्सर_बाई:
हे मात्र खरंय. आणि थेट उसने घेतलेले पण बघा, २००२ ला शुगाबेब्सचं 'फ्रीक लाइक मी' १ नंबरवर गेलं ते न्यूमनच्याच सिंथवर, २००६ ला रिहानाच्या 'एसओएस'मध्ये 'टेंटेड लव्ह'. ज्याला पेपरवाल्यांनी हाकलला त्या न्यूमनला नंतर नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरने स्वतःच्या स्टेजवर बोलावून घेतलं.

दुसरी_बाजू:
बापरे, एवढं सगळं. मित्राला लिंक पाठवलीये, तो वाचून गप्प आहे, म्हणजे वाचतोय. आता मला पुढे काय ऐकू ते सांगा, डिपेश मोडच्या आधीचं आणि जरा कडक, गोडगोड नको.

जुनी_टेप:
कडक हवंय तर शेफिल्डचे कॅबरे व्होल्टेअर, १९७३ पासूनचे, म्हणजे पंकच्याही आधी. 'नॅग नॅग नॅग'ने सुरू कर, फझ गिटार, ऑर्गन आणि ड्रम मशिन सगळं एकमेकांवर घासतंय. त्यातला क्रिस वॉटसन पुढे बँड सोडून पशुपक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायला लागला, अ‍ॅटनबरोच्या निसर्गमालिकांसाठी. मग डॅनियल मिलरचं 'वॉर्म लेदरेट', १९७८, एकटा माणूस आणि एक कॉर्ग. त्याच माणसाने म्यूट हे लेबल काढलं आणि तुझ्या डिपेश मोडना घेतलं. आवाज आधी कमी ठेव.