बऱ्याच वर्षांनी परत गेम खेळायचे आहेत. कौतुक नको, खोट सांगा

निशाचर

नमस्कार मंडळी. मी पूर्ण केलेला शेवटचा मोठा गेम म्हणजे विचर ३. त्यानंतर नोकरी बदलली, घरात बाळ आलं आणि दीड वर्षापूर्वी उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. हात आता बराच बरा आहे, पण एकच बटण पटापट दाबत राहिलं की अर्ध्या तासात अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते. रात्री बाळ झोपलं की तास-सव्वा तास मिळतो, आणि तोही कधी मध्येच मोडतो.

पीसी मध्यम ताकदीचा आहे, कंट्रोलर आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतले गेम सुचवा, प्रकार कुठलाही चालेल. विनंती एवढीच की नुसतं कौतुक करू नका. दहापैकी नऊ, दहापैकी दहा हे सगळीकडे वाचायला मिळतं. तुमचा ज्या गेमवर जीव आहे त्याची खोट काय, ते सांगा. खोट आधी कळली की ती आपल्याला पचेल का, हे माझं मला ठरवता येईल.

धाकटी बहीण दुसऱ्या शहरात असते. तिच्याबरोबर ऑनलाइन खेळता येईल असं काही असेल तर सोन्याहून पिवळं.

चकवा

तुमच्या हाताचं वाचलं आणि पहिलं नाव डोक्यात आलं ते बाल्डर्स गेट ३ (२०२३). लढाई पाळीपाळीने चालते, त्यामुळे तुमची पाळी आली की पंधरा मिनिटं विचार करा, कुणी घाई करत नाही. सेव्हही जवळजवळ कुठेही करता येतं, अगदी लढाईच्या मध्यात. बाळ रडलं तर सेव्ह करून उठा.

आता खोट. पहिली म्हणजे लांबी. शंभर तास सहज जातात, तुमच्या हिशेबाने तीन-चार महिने. दुसरी, तिसरा अंक. पहिल्या अंकात प्रत्येक झुडपामागे काहीतरी विचार करून ठेवलेलं असतं. तिसऱ्यात शहरात पोचलो की कामांची एवढी गर्दी होते की मुख्य गोष्टीचा धागा हातातून सुटतो. प्रोसेसरवर ताणही तिथेच सर्वांत जास्त पडतो. पॅचेसनी (नंतर आलेल्या दुरुस्त्यांनी) सुधारणा झाली, तरी मध्यम पीसीवर तिथे फ्रेम पडणार, म्हणजे चित्र अडखळणार, हे धरून चला. तिसरी खोट सामानाची. चार जणांच्या पिशव्या आवरण्यात जाणारा वेळ मोजला तर वाईट वाटेल.

एक सल्ला मनापासून देतो: इथे बऱ्याच गोष्टी जमतात की नाही ते फासा टाकून ठरतं. फासा हरलात तर सेव्ह परत लोड करू नका. हरल्यावर पुढे जे घडतं तेही तितक्याच निगुतीने लिहिलेलं आहे, आणि लोड करत राहिलात तर ते कधी दिसणारच नाही.

सातमजली

क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३. हे नाव तुमच्यापर्यंत पोचलं असणारच. एप्रिल २०२५ मध्ये आला, सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या फ्रेंच स्टुडिओचा पहिलाच गेम, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान त्यालाच मिळाला. कल्पना अशी: दूर समुद्रापार एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर दरवर्षी एक आकडा रंगवला जातो, तो वर्षागणिक एकाने उतरतो, आणि त्या वयाची माणसं धूर होऊन विरून जातात. पहिल्या अर्ध्या तासात बंदरावरचा निरोपाचा प्रसंग आहे. मी तो संपल्यावर कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ बसून होतो.

पण तुम्ही खोट विचारलीत, आणि तुमच्या बाबतीत ती साधी नाही. लढाई पाळीपाळीची असली तरी शत्रूच्या पाळीत तुम्हाला अचूक क्षणी बटण दाबून वार चुकवावा किंवा परतवावा लागतो. वार परतवता येणं हाच इथल्या लढाईचा कणा आहे. ते जमलं तर पुढचं सगळं जमतं. जमलं नाही तर नुसत्या डावपेचांवर तरून जाणं, निदान मधल्या कठीणतेवर, फार अवघड. तुमच्या सोयीच्या दोन गोष्टी आहेत. बटण एकदाच दाबायचं असतं, पटापट नाही. आणि तुमच्या हल्ल्याच्या वेळची बटणं आपोआप होतील अशी सेटिंग आहे. बचावासाठी मात्र तशी सोय नाही. सर्वांत सोप्या पातळीवर बचावाच्या क्षणात ढील मिळते, तिथूनच सुरुवात करा.

बाकीच्या तक्रारी. प्रदेशांच्या आत नकाशा नाही आणि वाटा एकसारख्या दिसतात. रात्री दमलेल्या डोक्याने आपण आलो कुठून तेच कळत नाही. आणि तिसऱ्या अंकात तोल पार ढळतो. तोवर एका वाराला ९,९९९ ची मर्यादा असते, ती उठते, आणि इकडेतिकडे थोडं जास्त फिरलात की शेवटचा बॉस, म्हणजे सर्वांत मोठा शत्रू, दोन-चार फटक्यांत लोळतो. ज्या क्षणासाठी तीस तास जीव मुठीत धरून चाललो तो असा भुर्रकन संपला याचं मला खरंच दुःख झालं. म्हणून सांगतो: तिसरा अंक सुरू झाला की भटकंती बाजूला ठेवा, आधी गोष्ट संपवा. भटकंती नंतरही करता येते.

शेवट दोन आहेत. दोन्हींवर लोक भांडतात. मी एवढंच म्हणेन की त्या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

हिरवा_बाण

सिल्कसाँग कुणीच कसं काढलं नाही? २०१९ मध्ये घोषणा, सप्टेंबर २०२५ मध्ये हातात. टीम चेरी ही मोजक्या माणसांची टीम, आणि एवढं हाताने रेखाटलेलं जग. नायिका हॉर्नेटच्या हालचालीत जी लय आहे ती दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही. किंमतही मोठ्या गेमांच्या मानाने कमी ठेवली.

पाऊलवाट

@हिरवा_बाण, गेम सुंदर आहे यात वादच नाही. पण धागाकर्त्यांच्या मनगटाचं वाचलंत ना? सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे पाच जीव. त्यातले बरेच शत्रू एका फटक्यात दोन नेतात. म्हणजे तिसऱ्या चुकीला मरण, आणि मग कितीतरी वेळा बॉसपर्यंतची सगळी वाट पुन्हा तुडवायची. कठीणता कमी करण्याची सेटिंग नाही. शिवाय विसाव्याचे काही बाकसुद्धा पैसे मोजल्याशिवाय बसू देत नाहीत.

मला कठीण गेम आवडतात. एल्डन रिंगचा विस्तार मी दोनदा संपवला. पण एल्डन रिंगमध्ये बॉस जड गेला तर दुसरीकडे जाऊन बळ वाढवून परत येता येतं, आत्मे मदतीला बोलावता येतात. सिल्कसाँगमध्येही फिरायला इतर वाटा आहेत, अवजारं मिळतात, पण शेवटी गाठ तुमच्या बोटांशीच असते. ज्याच्या बोटांना दुखतं त्याला दार बंद. ही त्या गेमची खोट आहे आणि ती मोठी आहे.

हिरवा_बाण

बटणाचं मान्य, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. वाट तुडवण्याचं मान्य नाही. चाळीस वेळा त्याच वाटेने गेलात की ती वाट तुमची होते, उड्या मनात न आणता पडतात. ते काढून टाकलं तर गेम लहान होईल. पण तब्येतीपुढे हा वाद घालणार नाही. निशाचर, तुम्ही हा सध्या सोडाच.

त्याऐवजी ॲनिमल वेल बघा. मे २०२४, एकाच माणसाने सात वर्षं खपून केलेला, आणि आकार जेमतेम तेहतीस एमबीच्या आसपास. तलवार नाही, संवाद नाही. अंधारी विहीर, प्राणी आणि बुडबुडे सोडणारी कांडी. पहिला शेवट दहाएक तासांत गाठता येतो. खोट: काही उड्या नेमक्या माराव्या लागतात, आणि पहिल्या शेवटानंतरची गुपितं एकट्याने सुटतील अशी आशा धरू नका. त्यातली काही तर खेळाडूंनी एकत्र येऊनच सोडवावीत म्हणून रचलेली आहेत.

दुपारचा_चहा

बहिणीबरोबर: स्प्लिट फिक्शन (मार्च २०२५). दोघांशिवाय खेळताच येत नाही. एकीने विकत घेतला की दुसरीला फ्रेंड्स पासवर फुकट, आणि मंच (पीसी, कन्सोल) वेगळे असले तरी चालतात. दर अर्ध्या तासाला खेळण्याची पद्धतच बदलते: आता ड्रॅगन, मग अंतराळ, मग डुकरं.

खोट: लिखाण. दोन लेखिकांची गोष्ट आहे, आणि त्यांचे संवाद मात्र ढोबळ. खलनायक पहिल्या दृश्यातच कळतो. काही ठिकाणी बटण भराभर दाबायला लावतो, पण अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये एकदा डोकावून बघा, अशा गेममध्ये त्यावर उपाय असतो.

निशाचर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. हिरवा_बाण, तुम्ही माघार घेतलीत असं समजू नका. हात पूर्ण बरा झाला की सिल्कसाँग पहिला.

एक विचारायचं राहिलं. काही दिवस अर्धाच तास मिळतो. तेवढ्यात काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटेल असं काही?

चकवा

बलाट्रो. पत्त्यांचा गेम, फेब्रुवारी २०२४. पोकरचे हात लावायचे आणि दीडशे जोकरांतून निवडून त्यांचे गुण फुगवायचे. पोकर येत नसेल तरी चालेल, हातांची यादी पडद्यावरच असते. खऱ्या पैशाचा संबंध नाही. गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या युरोपातल्या पेगी संस्थेने तरीही त्याला आधी १८ वर्षांवरचा शिक्का मारला होता, तो २०२५ च्या सुरुवातीला १२ वर आणला. हाताला काहीच त्रास नाही.

खोट एकच, पण गंभीरपणे घ्या: थांबता येत नाही. डाव साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि हरलो की पुढचा एका बटणावर तयार. झोपेचं खोबरं होतं. मी फोनवरून काढून टाकला आणि पीसीवरच ठेवला.

पाऊलवाट

हेडीस २ चा एक डावसुद्धा अर्ध्या तासाचा असतो, गेम सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात गॉड मोड आहे: मराल तितकं संरक्षण वाढत जातं. पण बटणं भरपूर. शिवाय मुख्य गोष्टीचा शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटला, आणि असं वाटणारी मी एकटी नव्हते. तुम्हाला आत्ता नाही सुचवणार.

तुमच्यासाठी माझं उत्तर वेगळं आहे: ब्लू प्रिन्स (एप्रिल २०२५). वारशात मिळालेला वाडा, नऊ आडव्या ओळी, पाच उभ्या रांगा, पंचेचाळीस खोल्या. प्रत्येक दार उघडताना तीनपैकी एक खोली तुम्ही निवडायची, म्हणजे वाडा तुम्हीच मांडत जाता. दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं जातं. शोधायची आहे ती शेहेचाळिसावी खोली. बोटांची घाई शून्य. शेजारी कागदाची वही मात्र हवीच. चित्रं, तारखा, पत्रांतल्या ओळी, सगळं टिपून ठेवा. आठव्या दिवशी पाहिलेल्या तसबिरीचा अर्थ मला चाळिसाव्या दिवशी लागला तेव्हा मी एकटीच खोलीत ओरडले.

आणि खोट, कारण ती तुम्हाला बोचणार. नशीब. काय करायचं ते नेमकं माहीत असतं, पण हवी ती खोली तीनांत येतच नाही. असे तीन-तीन, चार-चार दिवस कोरडे जातात. पुढे पुढे, म्हणजे शेहेचाळिसावी खोली सापडल्यानंतर, हे फार वाढतं. गेम आला तेव्हा दिवसाच्या मध्यात सेव्हही करता येत नव्हतं, तेव्हा तुमच्या आवृत्तीत काय स्थिती आहे ते आधी तपासा. काही कोडी इंग्रजी शब्दांच्या खेळावर उभी आहेत, तीही तयारी ठेवा. शेहेचाळिसाव्या खोलीपर्यंत खेळा आणि तिथे थांबायची मुभा स्वतःला द्या.

सातमजली

टाळायची यादीही देऊन ठेवतो, थोडक्यात. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स: फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हापासून पीसीवर जड चालतो अशी ओरड आहे, मध्यम पीसीवर हात घालू नका. स्टारफील्ड: हजाराहून जास्त ग्रह, पण उतरलं की पुन्हा तेच तळ, तीच मोडकी ठाणी. सिव्हिलायझेशन ७: २०२५ मध्ये आला तेव्हा एक युग संपून दुसरं सुरू होताना तुमची संस्कृती बदलायला लावत होता. रात्र रात्र जागून जे राज्य आपलं म्हणून वाढवलं त्याचं नाव-गाव बदलून पुढे जायचं, हे माझ्या गळी उतरलं नाही.

किंगडम कम: डिलिव्हरन्स २ बद्दल मात्र अडखळतो. १४०३ सालचा बोहेमिया, आणि मळक्या कपड्यांत गेलात तर लोक नाक मुरडतात इतकं जिवंत जग. पण मनासारखं सेव्ह करायला खास दारूची बाटली लागते. सेव्ह करून बाहेर पडण्याची सोय आहे, तेव्हा बाळामुळे अडणार नाही. पहिले दहा तास तलवार हातात बसत नाही, तो धीर असेल तरच.

आणि काहीही घ्या, स्टीमवर घेत असाल तर विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. एक्स्पिडिशन ३३ चा बचाव हाताला झेपतो का, हे त्या दोन तासांत नक्की कळतं.

निशाचर

सहा आठवड्यांनी परत येतोय.

एक्स्पिडिशन ३३ दीड तास खेळून परत केला. सातमजली, बटण एकदाच दाबायचं हे खरं, पण क्षण चुकू नये म्हणून अंगठा सतत ताणून धरला जातो आणि कळ तिथूनच सुरू होते. बंदराचा प्रसंग पाहिला. तुम्ही म्हणालात ते कळलं.

बहिणीबरोबर दर रविवारी स्प्लिट फिक्शन चालू आहे. संवाद ढोबळ आहेत. पण आम्ही दोघं सलग दोन तास बोलत बसलो असं लहानपणानंतर पहिल्यांदाच होतंय, आणि पटापट दाबायची बटणं आली की ती म्हणते, "दादा, तू थांब, मी जाते पुढे."

मुख्य मुक्काम बाल्डर्स गेट ३ वर आहे. चकवा, तुमचा सल्ला पाळला. वनातल्या वस्तीत त्या लहान मुलीसमोर साप सोडलेला असतो, तिथे बोलून सोडवायला गेलो, फासा कमी पडला आणि मुलगी गेली. बोट लोडच्या बटणावर गेलं होतं. नाही दाबलं. मग तिच्या आईवडिलांसमोर जाऊन उभं राहावं लागलं. त्या रात्री पुढे खेळलो नाही. दोन दिवसांनी परत सुरू केला तेव्हा प्रत्येक संवाद मी वेगळ्या कानाने ऐकत होतो.

पाऊलवाट, ब्लू प्रिन्ससाठी वही आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर तुमची सूचना लिहिली: शेहेचाळीसपर्यंतच.

पाऊलवाट

पेन्सिलीने लिहा. बरंच खोडावं लागतं.