मदत हवी आहे: शहरात चालवायला जुनी डिझेल गाडी घ्यावी का?

नमस्कार मंडळी. कोथरूड ते हडपसर, रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. त्यातला निम्मा वेळ क्लचवर पाय. महिन्यातून एकदा साताऱ्याला आई-बाबांकडे. बजेट ओढूनताणून साडेसहा लाख.

दोन गाड्या बघितल्यात. एक २०१७ची स्विफ्ट डिझेल, १२४८ सीसीचं ते जुनं ओळखीचं इंजिन, ७८ हजार किलोमीटर. दुसरी २०२१ची नेक्सॉन डिझेल, ५२ हजार. नेक्सॉन दिसायला झकास, बायकोचं मत तिकडेच. पण ती बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची, त्यामुळे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आला. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी थोडा वेळ सलग वेगात पळावी लागते. आमच्या ट्रॅफिकमध्ये कसली पळतेय! महिन्यातली एक सातारा फेरी त्याला पुरेल का? स्विफ्ट बीएस फोर, ती कटकट नाही. पण २०३२ला पंधरा वर्षं भरतील, तेव्हा पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स.

एजंट म्हणतो, "साहेब, डोळे झाकून घ्या." म्हणूनच उघडे ठेवलेत.

शहरातच बीएस सिक्स डिझेल चालवणाऱ्यांनी खरं सांगा, डीपीएफचा दिवा किती वेळा लागतो? स्विफ्टमध्ये टर्बो, इंजेक्टर आणि क्लच कसे तपासून घ्यावेत? की एवढ्या रनिंगला मुकाट्याने पेट्रोलच बघू? पुण्यात गाडी तपासून देणारा भरवशाचा मेकॅनिक असेल तर मेसेज करा. रविवारपर्यंत टोकन द्यायचंय.