रसायनशास्त्राच्या पदवीला नेमके काय काय लागते? आपले अनुभव लिहावेत

माझी भाची लवकरच रसायनशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेणार आहे. परवा तिने माहितीपत्रकाचे एक पान माझ्यापुढे धरले आणि विचारले, "मावशी, मला शिकायचे आहे रसायन, मग पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र एवढे कशाला?" मी हीच पदवी घेतलेली असूनही मला तिला पटेल असे उत्तर चटकन देता आले नाही. माहितीपत्रकात अटी असतात, त्या अटी का घातल्या आहेत हे नसते, म्हणून हा धागा काढते आहे.

यादीचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी सामान्य रसायनशास्त्र, त्यावर उभी राहणारी सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक आणि विश्लेषणात्मक अशी चार दालने, बऱ्याच ठिकाणी जीवरसायनाची ओळख, प्रत्येक दालनाला जोडलेले प्रयोगशाळेचे तास, सोबत कलन (कॅल्क्युलस) आणि भौतिकशास्त्र, आणि शेवटी प्रकल्प. यांपैकी कोणती अट आपल्याला नकोशी वाटली होती, पुढे तिचा उपयोग झाला की नाही, आणि ती टाळल्यामुळे काही बिघडले का, हे कृपया सविस्तर लिहावे.

सुरुवात मी करते. मला भौतिकशास्त्र नको होते. स्प्रिंगला वजन टांगून तिचे आंदोलन मोजण्याचा प्रयोग मी तोंड वाकडे करूनच उरकला होता. तिसऱ्या वर्षी अवरक्त वर्णपट (पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो याची नोंद) शिकताना तीच स्प्रिंग पुन्हा समोर आली. दोन अणूंमधील बंध ही स्प्रिंग आणि अणू ही वजने, असे मानले की बंध किती वेगाने थरथरतो याचा अंदाज त्याच जुन्या सूत्राने येतो. कार्बन-हायड्रोजन बंधाचे शोषण सुमारे २९०० ते ३००० तरंगसंख्येला (प्रति सेंटिमीटर) दिसते. हायड्रोजनच्या जागी त्याच्या साधारण दुप्पट वस्तुमानाचा ड्यूटेरियम घातला, तर ते २१०० ते २२०० च्या आसपास घसरते. हे मला पाठ करावे लागले नाही, वहीच्या कडेला दोन ओळींत करून पाहता आले.

* * *

माझी कहाणी गणिताची आहे आणि तिच्यात चूक सर्वस्वी माझी आहे. आमच्याकडे कलनाचे दोन भाग ही भौतिक रसायनशास्त्राची पूर्वअट होती. पहिला भाग मी जेमतेम पार केला आणि दुसरा "नंतर करू" म्हणून विभागाकडून खास परवानगी काढून पुढे ढकलला. परवानगी मिळाली याचा मला त्या वेळी केवढा आनंद झाला होता!

उष्मागतिकीच्या दुसऱ्याच तासाला फळ्यावर आंशिक अवकलज आले: आंतरिक ऊर्जा आकारमानानुसार कशी बदलते, तापमान स्थिर ठेवून. त्या चिन्हाच्या पायथ्याशी लिहिलेले तापमानाचे अक्षर म्हणजे 'हे स्थिर धरले आहे' ही सूचना असते, एवढेसुद्धा मला ठाऊक नव्हते; मी ते गुणकासारखे वाचत होतो. वर्ग पुढे गेला. आदर्श वायूसाठी हे अवकलज शून्य येते, व्हॅन डर वाल्स वायूसाठी ते शून्य येत नाही, आणि हा फरक रेणूंमधील आकर्षणामुळे पडतो, हा त्या तासाचा गाभा होता. माझ्या वहीत मात्र निव्वळ चिन्हांची रांग उतरली. पुढच्या सत्रात श्रोडिंजरचे १९२६ मधील समीकरण आले, पेटीत कोंडलेल्या कणाची ऊर्जा पूर्णांकाच्या वर्गाच्या प्रमाणात का वाढते हे आले, आणि मी नापास झालो. कलनाचा दुसरा भाग करून परत येण्यात एक पूर्ण वर्ष गेले.

परत आल्यावर मात्र एक गंमत पाहायला मिळाली. रेषीय बीजगणित आमच्याकडे ऐच्छिक होते. मागच्या धड्यामुळे ते मी आपणहून घेतले. ह्युकेलच्या पद्धतीने ब्युटाडाइनच्या पाय इलेक्ट्रॉनांचे (दुहेरी बंधांतील इलेक्ट्रॉनांचे) ऊर्जास्तर काढायचे, तर चार ओळी आणि चार स्तंभांचा एक निश्चायक (डिटर्मिनंट) सोडवावा लागतो. तो सोडवला की बीटाचे (त्या पद्धतीतील ऊर्जेच्या मापाचे) सहगुणक १.६१८ आणि ०.६१८ येतात, म्हणजे चक्क सुवर्ण गुणोत्तर! त्या दिवशी मी गणिताच्या वर्गातील मित्राला ते उत्तर दाखवायला धावत गेलो होतो.

* * *

गेली अनेक वर्षे मी हा विषय शिकवते आहे आणि अभ्यासक्रम समितीवरही काम केले आहे, त्यामुळे वरील प्रतिसादाला थोडी पुस्ती जोडते. पूर्वअट आणि सहअट यांत फरक आहे, आणि विद्यार्थी नेमका तोच वाचत नाहीत. पूर्वअट म्हणजे तो अभ्यासक्रम आधी उत्तीर्ण झालेला असणे. सहअट म्हणजे तो त्याच सत्रात सोबत चालू असला तरी चालणे. सेंद्रिय रसायनाचा सिद्धांत आणि त्याची प्रयोगशाळा हे पुष्कळदा एकमेकांचे सहअट असतात. अशा वेळी एक सोडला की दुसराही हातचा जातो.

भाचीला माझा सल्ला असा, की यादी वरून खाली वाचू नये, शेवटाकडून मागे वाचावी. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला कोणते विषय लागतात, त्या विषयांना कोणते, आणि त्यांना कोणते, असे बाण काढत मागे यावे. कागदावर एक साखळी इतरांपेक्षा लांब दिसू लागेल. साधारणतः ती कलनापासून निघून भौतिकशास्त्रातून भौतिक रसायनाकडे जाते. सेंद्रियाची साखळी वेगळी असते आणि ती सामान्य रसायनातून सुटते. या लांब साखळीतील कोणता अभ्यासक्रम वर्षातून एकाच सत्रात शिकवला जातो, हे कार्यालयात जाऊन विचारावे. असा अभ्यासक्रम हुकला की एका सत्राचे नुकसान होत नाही, अख्खे वर्ष जाते. आमच्याकडे पदवी लांबलेली जी मुले माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांना विषय अवघड गेलेलाच नसतो. त्यांचा क्रम चुकलेला असतो.

एका बाबतीत मात्र मी समितीत कायम अल्पमतात राहिले आहे. मोजमापातील त्रुटी, प्रमाण विचलन आणि विश्वास-अंतराल हे विश्लेषणात्मक रसायनाच्या पहिल्या दोन आठवड्यांत कसेबसे उरकले जाते. माझ्या मते संख्याशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम सक्तीचा असावा, आणि त्यासाठी वर्णनात्मक असेंद्रिय रसायनाचा काही भाग कमी झाला तरी मला चालेल. सहकाऱ्यांना ते चालत नाही.

* * *

प्रयोगशाळेच्या तासांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. चार-चार तास उभे राहून पदरात पडणारे श्रेयांक व्याख्यानाच्या मानाने थोडे, अशी आमची सर्वांची तक्रार होती. मलाही वाटे की प्रयोगाची कृती पुस्तकात दिली आहे, उत्तर ठरलेले आहे, मग हात भिजवायचे कशाला?

ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाचे पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन (ब्युरेटमधून मोजून द्रावण सोडत अभिक्रिया पूर्ण होण्याचा अंतिम बिंदू शोधणे) होते. पुस्तकात 'आम्लयुक्त करून ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे' असे लिहिले होते. घाई होती, म्हणून मी फ्लास्क नावापुरता कोमट केला आणि ब्युरेटची तोटी सोडली. पहिल्या थेंबांचा जांभळा रंग जाईचना. मला वाटले अंतिम बिंदू आला! मग शंका आली म्हणून भराभर आणखी द्रावण सोडले, तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला. शिक्षिका आल्या, फ्लास्क उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हे मँगनीज डायऑक्साइड आहे. ओता आणि नव्याने करा." दुसऱ्या खेपेला नीट तापवून थेंब थेंब सोडले. पहिला थेंब रेंगाळला, दुसरा थोडा लवकर विरला, आणि पुढचे पडताक्षणी नाहीसे होऊ लागले. अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीजचे आयन त्याच अभिक्रियेला वेग देतात, हे स्वयंउत्प्रेरण मी व्याख्यानात ऐकले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. ते दिसते कसे, हे मला त्या दुपारी कळले.

याच तासांत हाताला लागलेल्या बाकी गोष्टी किरकोळ वाटतील. पिपेटच्या टोकाशी उरलेला शेवटचा थेंब फुंकून पाडायचा नसतो, कारण तो वगळूनच पिपेटवरची खूण केलेली असते. परमँगनेटसारख्या गडद द्रावणाची पातळी वरच्या कडेला वाचायची. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर भरतो, त्यामुळे दोन वाचनांत ०.१ चा फरक म्हणजे दोन थेंबांची चूक. अभ्यासक्रमाच्या पत्रकात यांतले काहीही छापलेले नसते.

* * *

मी मध्येच संस्था बदलली, आणि तिथे मला 'अट पूर्ण' या शब्दांचा अर्थ कळला. माझ्या आधीच्या संस्थेत मी भौतिक रसायनशास्त्र उत्तीर्ण झाले होते, गुणही चांगले होते. नव्या ठिकाणी ते धरले गेले नाही, कारण तो अभ्यासक्रम जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कलन वगळून आखलेला होता. नाव तेच, पाठ्यक्रम वेगळा. तसेच एका प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमातील निम्मे प्रयोग संगणकावरील आभासी प्रयोग होते, तेही पुन्हा करावे लागले. राग आला होता, पण ते प्रयोग हाताने केल्यावर राग टिकला नाही. ज्यांना पुढे संस्था बदलायची शक्यता वाटते, त्यांनी प्रत्येक अभ्यासक्रमाचा तपशीलवार पाठ्यक्रम आणि प्रयोगांची वही जपून ठेवावी. नुसत्या गुणपत्रिकेवर कोणी निर्णय देत नाही.

* * *

थोडक्यात लिहितो. सुरक्षिततेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकू देत नाहीत, ही अट योग्यच आहे. संस्थेने सक्तीने घ्यायला लावलेला लेखनकौशल्याचा अभ्यासक्रम मात्र मला निरुपयोगी वाटला, कारण त्यात निबंध शिकवले, प्रयोगाचा अहवाल शिकवला नाही.

* * *

अंतिम वर्षाचा प्रकल्प ही माझ्या दृष्टीने खरी परीक्षा. मला एक इथाइल एस्टर तयार करायचा होता. अभिक्रिया झाली, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणाने कॉलम (पदार्थ वेगळे करणारी नळी) चालवला, रोटाव्हॅपवर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) द्रावक उडवले आणि तळाशी स्वच्छ तेलासारखा पदार्थ उरला. वजन केले, उत्पन्न ११२ टक्के! शंभराच्या वर उत्पन्न येऊ शकत नाही हे शाळकरी मुलालाही कळते. मी मात्र 'वजनकाट्याची चूक असेल' असे म्हणून नमुना एनएमआरला (रेणूतील हायड्रोजन कुठे आहेत ते शिखरांतून दाखवणाऱ्या चाचणीला) दिला.

वर्णपटात १.२६ पीपीएमला त्रिक (तीन फाट्यांचे शिखर) आणि ४.१२ ला चतुष्क (चार फाट्यांचे) दिसले. इथाइल गटाचीच ही खूण, म्हणून मी मार्गदर्शकांकडे आनंदाने गेलो. त्यांनी एकही शब्द न बोलता २.०५ वरील एकेरी शिखरावर पेन्सिल टेकवली. माझ्या रेणूत त्या जागी शिखर देणारे काहीच नव्हते. ही तिन्ही शिखरे मिळून इथाइल ॲसिटेटची सही होती. कॉलमचे द्रावकच पुरते उडाले नव्हते. नेहमीच्या द्रावकांची शिखरे दाखवणारा तक्ता त्याच यंत्राच्या बाजूच्या भिंतीवर लावलेला होता, आणि क्लोरोफॉर्मचे ७.२६ चे शिखर ओळखण्यासाठी मी तो रोज पाहतही होतो. नमुना रात्रभर निर्वात पंपावर ठेवल्यावर उत्पन्न ६४ टक्क्यांवर आले. प्रबंधात मी दोन्ही वर्णपट छापले, आणि तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न पहिल्यावरच आले.

* * *

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. मला लाल आणि हिरव्या रंगांतील फरक नीट कळत नाही. रसायनशास्त्र घेऊ नकोस, असे मला घरच्यांनीही सांगितले होते आणि एका समुपदेशकांनीही. माहितीपत्रकात रंगदृष्टीची कोणतीही अट नव्हती, म्हणून मी प्रवेश घेतला.

फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाची फिकट गुलाबी छटा मला इतरांपेक्षा दोन-तीन थेंब उशिरा दिसे. मिथिल ऑरेंज तर अशक्यच. तांबड्याचे पिवळे कधी झाले ते मला शेजाऱ्याला विचारावे लागे, आणि शेजारी स्वतःचे वाचन सोडून किती वेळा माझ्याकडे पाहणार? शेवटी धीर करून शिक्षकांना सांगितले. त्यांनी पीएच मीटर दिला आणि रंगाऐवजी आलेखावरून अंतिम बिंदू काढायला लावला. थोडे थोडे द्रावण घालायचे, पीएच टिपायचा, आणि जिथे वक्ररेषा सर्वांत उभी चढते तिथले आकारमान घ्यायचे. वेळ दुप्पट लागे, पण वाचन पक्के येई. ज्वाला परीक्षणासाठी मला वर्णपटदर्शक वापरायची मुभा मिळाली. सोडियमची रेषा ५८९ नॅनोमीटरला दिसली की ती सोडियमचीच, मग डोळ्यांना ती कशीही दिसो.

आपल्यालाही अशी अडचण असेल, तर पहिल्या आठवड्यातच सांगावे. मी तिसऱ्या महिन्यात सांगितले, आणि तोवर शेजाऱ्याच्या डोळ्यांनी केलेले सात प्रयोग मला सुट्टीत बसून पुन्हा करावे लागले.