वाडीवरून जाणारी विमाने: तक्रार रास्त की अवाजवी?

तेरेखोलकाठचा: गोव्यातल्या मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी उड्डाणे सुरू झाली, तेव्हा विमान बघायला आम्हीही हौसेने अंगणात उभे राहिलो होतो. आता आई रात्री जपाला बसते, विमान माथ्यावर आले की तिचे बोट मण्यावर थांबते आणि आवाज ओसरल्याशिवाय पुढे सरकत नाही. विमानतळ बंद करा, असे मी म्हणत नाही. आवाजाचे मोजमाप आमच्या वाडीत येऊन करावे आणि रात्रीची विमाने दुसऱ्या दिशेने न्यावीत, एवढेच मागणे आहे.

परुळेवासी: आमचे गाऱ्हाणे नेमके उलटे आहे. सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ऑक्टोबर २०२१ मध्ये अडीच हजार मीटर धावपट्टीचे विमानतळ सुरू झाले खरे, पण फेऱ्या मध्येच बंद पडल्या, आणि चाकरमानी गणपतीला पुन्हा रात्रभर गाडीत अवघडून येऊ लागले. जत्रेतले दशावतारी नाटक पहाटेपर्यंत ध्वनिक्षेपकावर चालते, तेव्हा आपली झोप मोडत नाही काय? शिवाय विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते आणि उतरते. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, तो काही आपली वाडी पाहून वाहत नाही.

बांद्याची शिक्षिका: निवासी भागासाठी ध्वनीची सर्वसाधारण मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. विमानतळ परिसरासाठी मात्र २०१८ च्या अधिसूचनेने वेगळी मर्यादा ठरवली: वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असेल तेथे दिवसा ७० आणि रात्री ६५, इतरत्र ६५ आणि ६०. खरी मेख अशी की हे आकडे सरासरीचे आहेत. रात्रभराची शांतता आणि अर्ध्या मिनिटाचा गडगडाट एकत्र केला, की कागदावर सारे नियमात बसते. झोप मात्र त्या अर्ध्या मिनिटानेच मोडते.

परुळेवासी: तरीही विमाने वळवायची म्हणजे ती कोणाच्या तरी घरावरूनच जाणार ना?

तेरेखोलकाठचा: वाऱ्याचा मुद्दा मान्य, म्हणून दिशेचा आग्रह सोडतो. जत्रेचे म्हणाल, तर ती वर्षातून एकदा येते, तिची तारीख आधी ठाऊक असते आणि नाटकाला आम्ही स्वतःच पुढे जाऊन बसतो. विमानांच्या वेळा मात्र माणसेच ठरवतात. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेतली उड्डाणे कमी केली, तर कोणाच्या घरावरून न्यायची हा प्रश्न निदान तेवढ्या वेळेपुरता उरत नाही.